अंगकाठी की हातोटी: एनएफएल ड्राफ्टमधला कच्चा बचावपटू आणि घडलेला बचावपटू

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी फेरीफेरीने, आपापल्या क्रमांकावर कॉलेजचे खेळाडू निवडणं. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड जॅक्सनविल जॅग्वार्सची होती. समोर दोन एज रशर होते, म्हणजे बचावफळीच्या कडेवरून घुसून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, गाठणारे. मिशिगनच्या एडन हचिन्सनने आदल्या मोसमात १४ सॅक केले होते आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन करंडकाच्या मतदानात तो दुसरा आला होता. जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरचे कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून ९.५ सॅक. जॅग्वार्सनी वॉकरला घेतलं. हचिन्सन लगेच दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला, डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागे लोळवणं. दोघांनी मिळून लोळवलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा लागतो, म्हणून हे साडेनऊ.

आकडे इतके बोलके असताना वॉकर का? उत्तर इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये आहे. तिथे दरवर्षी ड्राफ्टआधी खेळाडूंची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, त्यांना पळायला आणि उड्या मारायला लावतात. वॉकरचं वजन २७२ पौंड, म्हणजे सुमारे १२३ किलो, आणि एवढ्या देहानिशी ४० यार्ड तो ४.५१ सेकंदांत पळाला. हातांची लांबी ३५.५ इंच. हचिन्सन त्याच्याहून हलका, तरी त्याला ४.७४ सेकंद लागले, आणि हात तीन इंचांहून अधिक तोकडे. लांब हाताचा फायदा सरळ आहे: समोरच्या लाइनमनचे, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्याचे, पंजे छातीला लागण्याआधी आपले त्याच्या छातीला लागतात.

तर एकाकडे अंगकाठी, दुसऱ्याकडे हातोटी. हातोटी म्हणजे चेंडू हलताक्षणी सुटणं, समोरच्याचे हात झटकून टाकणं, पहिला डाव अडला की त्याच दमात दुसरा काढणं, खांदा खाली घालून कडेवरून वळणं. हे शिकवता येतं. तीन इंचांनी जास्त लांब हात कुणाला शिकवता येत नाहीत. कच्च्या खेळाडूवर पैज लावणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या दोन वाक्यांत मावतो आणि तो खोटा नाही.

घोळ पुढे होतो. ‘सॅक कमी’ आणि ‘कच्चा’ हे एकच धरलं जातं. वॉकरचंच बघा. त्याच्या जॉर्जियाच्या संघातले पाच बचावपटू त्या वर्षी पहिल्याच फेरीत गेले. अशा फळीत खेळाडू आलटून पालटून आत-बाहेर होतात. वॉकरला कधी आत, धिप्पाड लाइनमनच्या समोर उभं केलं जाई, कधी मागे हटून पास अडवायला लावत. त्याच्या कमी सॅकमध्ये कच्चेपणा किती आणि कामाची वाटणी किती, हे आकड्यांच्या तक्त्यावरून कळणार नाही. त्यासाठी सामन्यांची टेपच बघायला हवी.

उलट बाजूला ‘घडलेला’ म्हणजे ‘मंद’ असाही समज आहे, तो तर जास्तच चुकीचा. हचिन्सन सरळ रेषेत वॉकरइतका वेगवान नव्हता, पण तीन शंकूंभोवती वळसे घेत पळायच्या चाचणीत त्याची वेळ ६.७३ सेकंद होती आणि वॉकरची ६.८९. कडेवरून वळणाऱ्याला हीच चपळाई कामी येते. चाळीस यार्डांची सरळ शर्यत त्याच्या वाट्याला सामन्यात क्वचितच येते.

माझ्या मते खरी फोड कच्चा विरुद्ध घडलेला अशी नाहीच. कच्च्यांमध्येच दोन जाती आहेत: ज्याला अजून शिकवलंच गेलेलं नाही तो, आणि शिकवूनही ज्याच्या अंगी लागलेलं नाही तो. कंबाइनमध्ये दोघे सारखेच दिसतात.

पहिल्या जातीचं सगळ्यात निर्मळ उदाहरण म्हणजे ईझिकेल अन्सा. घानाहून तो ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आला तो बास्केटबॉलच्या ओढीने. तिथे जमलं नाही, धावण्याच्या शर्यती करून पाहिल्या, आणि फुटबॉलच्या मैदानात उतरला तो थेट २०१० मध्ये. अख्ख्या कॉलेजात ४.५ सॅक. लायन्सनी २०१३ मध्ये त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि २०१५ च्या मोसमात त्याने १४.५ सॅक केले. शिकायला वेळच मिळालेला नव्हता. मिळाला तसा शिकला.

डॅनियल हंटरची गोष्ट मला याहून आवडते. लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या (एलएसयू) शेवटच्या मोसमात त्याचे सॅक फक्त १.५. मिनेसोटा व्हायकिंग्जनी २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ८८ वा घेतला. पहिल्या वर्षी ६ सॅक, दुसऱ्या वर्षी १२.५, पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये प्रत्येकी १४.५. इथे क्रमांक महत्त्वाचा आहे. ८८ व्या निवडीवर कच्चा माल घेऊन तो फसला, तर संघ कोसळत नाही.

पहिल्या दहात तसं नसतं. अन्साच्याच ड्राफ्टमध्ये मायामी डॉल्फिन्सनी वरची निवड मिळवण्यासाठी सौदा करून ओरेगॉनचा डिऑन जॉर्डन तिसरा घेतला. उंच, लवचिक, कॉलेजात आधी टाइट एंड, म्हणजे आक्रमणात पास झेलणारा आणि वाट अडवणारा, आणि मग बचावात आलेला. मायामीसाठी त्याचे एकूण सॅक ३. निलंबनं आणि दुखापतीही आड आल्या, त्यामुळे सगळा दोष कच्चेपणाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

आणि घडलेल्या खेळाडूचा आकडा तरी हमी देतो का? व्हर्नन गोल्स्टनने २००७ मध्ये ओहायो स्टेटसाठी १४ सॅक केले, शिवाय कंबाइनमध्ये २२५ पौंडांचा बार ३७ वेळा उचलला. आकडेही होते, अंगही होतं. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहावा घेतला. तीन मोसम, शून्य सॅक. दुसऱ्या टोकाला टेरेल सग्ज. ॲरिझोना स्टेटमध्ये २००२ च्या एका मोसमात २४ सॅक, पण ड्राफ्टआधीच्या धावण्यात तो इतका मंद निघाला की दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला उचललं. पहिल्याच वर्षी १२ आणि कारकिर्दीत एकूण १३९. त्याचं पहिलं पाऊल कसं पडतं ते घड्याळाला दिसलं नव्हतं.

एक गोष्ट पैशांची आहे आणि तिच्याकडे चाहत्यांचं फार लक्ष जात नाही. २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकावरून जवळपास ठरतो आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षासाठी राखून ठेवायचा हक्क संघाला मिळतो. स्वस्तातली वर्षं एवढीच. कच्च्याला शिकवण्यात त्यातली दोन गेली, तर तो तयार होतो तेव्हा मोठा करार मागायची वेळ जवळ आलेली असते. त्या दोन वर्षांत प्रशिक्षक बदलला, तर शिकवणीही अर्ध्यावर मोडते.

हचिन्सन आणि वॉकर या दोघांनी पहिली चुणूक वॉशिंग्टनविरुद्धच दाखवली. पहिल्या आठवड्यात वॉकरने एक सॅक केला आणि एक इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच झेलला. दुसऱ्या आठवड्यात हचिन्सनने पहिल्या अर्ध्यातच तीन सॅक केले. त्या मोसमाअखेर हचिन्सनचे ९.५ झाले आणि वॉकरचे ३.५. पुढच्या वर्षी ११.५ आणि १०. २०२४ मध्ये हचिन्सन पाच सामन्यांत ७.५ वर असताना डॅलसविरुद्ध त्याचा पाय मोडला; वॉकर पूर्ण मोसम खेळून १०.५ वर पोचला.

मी असतो तर तेव्हाही हचिन्सनलाच घेतलं असतं आणि आजही घेईन. पण वॉकर फसला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो शिकत गेला, हे आकड्यांतच दिसतं. जॅग्वार्सनी किंमत मोजली ती पहिल्या वर्षाची: हचिन्सनपेक्षा सहा सॅक कमी.