वॉलपेपरची बॉर्डर: भिंतीच्या कडेवरून मध्यावर कशी आली

वॉलपेपरची बॉर्डर म्हटली की अनेकांच्या डोळ्यांसमोर १९८० किंवा १९९० च्या दशकातली खोली येते. भिंतीच्या साधारण मध्यावरून फिरलेला वेलबुट्टीचा किंवा फळाफुलांचा पट्टा, त्याच्या वर एक कागद आणि खाली दुसरा. जुन्या घराचं काम काढलं की सगळ्यात आधी हाच पट्टा खरवडला जातो आणि बॉर्डर हा प्रकारच वाईट, असा शेरा मारून लोक मोकळे होतात. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. बॉर्डरची बहुतेक बदनामी तिच्या त्या एका जागेमुळे झाली आणि ती जागा तिला बरीच उशिरा मिळाली.

अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत कागद पुष्कळदा थेट भिंतीला लावत नसत. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर कापड ताणायचं, कापडावर कागद चिकटवायचा आणि कडेने बारीक खिळे मारायचे, अशी पद्धत होती. हे खिळे आणि कागदाच्या कापलेल्या कडा झाकायला छताखाली, दाराखिडक्यांच्या चौकटींभोवती आणि लाकडी पॅनेलच्या वरच्या कडेने अरुंद छापील पट्टी येई. कागदाच्या एकाच रुंदीवर अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असत, कारागीर त्या कापून सुट्या करी. म्हणजे बॉर्डर जन्मली ती झाकण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तिच्यावर पडद्यांच्या चुण्या, गोंडे, मखमलीसारखी लव आली. कागद साधा आणि बॉर्डर भपकेबाज, अशाही खोल्या सजल्या. तरी तिची जागा कडेचीच राहिली.

पुढे इंग्लंडमध्ये १७१२ पासून चालत आलेला वॉलपेपरवरचा कर १८३६ मध्ये उठला, १८४० च्या सुमारास यंत्रावरची छपाई सुरू झाली आणि कागद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १८७० आणि १८८० च्या दशकांत भिंतीचे आडवे तीन भाग करण्याची फॅशन होती: खाली गडद, टिकाऊ कागद, मध्ये मुख्य नक्षी आणि छताखाली रुंद पट्टा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत खालचा भाग गळाला, वरचा पट्टा राहिला. महायुद्धांच्या मधल्या काळात साध्या, फिकट कागदावर छताखाली नक्षीदार बॉर्डर आणि कोपऱ्यांत कापून लावलेल्या आकृत्या दिसतात. मग पांढऱ्या, कोऱ्या भिंतींचा आग्रह आला आणि बॉर्डर काही काळ मागे पडली.

ती परतली ती १९८० च्या दशकात, जुन्या खेड्यातल्या हवेलीसारखं घर हवं या हौसेवर स्वार होऊन. पडदे, उशा, पलंगपोस, कागद आणि बॉर्डर एकाच नक्षीत मिळू लागले. वाद सुरू होतो तो इथे. जुन्या घरांत जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर एक आडवी लाकडी पट्टी असे. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवत, पाठी घासून गिलावा खराब होऊ नये म्हणून ती होती. नव्या घरांत ही लाकडी पट्टी नव्हती. तिच्या जागी कागदी बॉर्डर लावा, खोलीला जुना रुबाब येईल, असं सजावटीच्या मासिकांनी आणि दुकानांनी सांगितलं. लाकडाचं काम कागदाकडे आलं, पण खुर्चीचा धक्का सोसण्याची ताकद काही आली नाही.

या जागेच्या बाजूनेही मुद्दे होते. वरचा आणि खालचा कागद जिथे भेटतो तो सांधा बॉर्डरने झाकला जाई, म्हणजे तिचं मूळचं कामच. खालचा कागद खराब झाला तर वरचा न काढता बदलता येई. मुलांच्या खोलीत चित्रांचा पट्टा मुलाच्या नजरेच्या उंचीवर यावा, हे तर पूर्ण पटण्यासारखं आहे.

पण मापं पाहा. बारा फूट उंचीच्या भिंतीवर तीन फुटांची रेघ म्हणजे खालचा पाव भाग. वर नऊ फूट मोकळे राहतात. तीच रेघ आठ फुटांच्या भिंतीवर आली आणि तिच्यावर दहा इंचांचा पट्टा चढवला, तर त्याची वरची कड ४६ इंचांवर जाते. भिंतीचा मध्य ४८ इंचांवर. खोलीचे जवळजवळ निम्मे-निम्मे दोन तुकडे होतात, छत खाली आल्यासारखं वाटतं आणि सोफ्याची पाठ, खिडकीचा उंबरा, विजेची बटणं अशा सगळ्या गोष्टी त्या पट्ट्याला कुठे ना कुठे छेद देतात. ‘निम्म्यावर नको, एक तृतीयांशावर लावा’ असा सल्ला तेव्हाही दिला जात असे. तो पाळायचा तर अरुंद पट्टी हवी होती आणि दुकानात ऐटीत मांडलेले असत ते रुंद पट्टे.

दुसरं दुखणं चिकटवण्याचं. या काळातला बराच कागद विनाइलचा थर दिलेला, पुसता येणारा होता. त्यावर साधी खळ धरत नाही, म्हणून विनाइलवर विनाइल बसवणारा वेगळा, जबर गोंद वापरावा लागे. काही वर्षांनी बॉर्डर काढायला गेलं की खालचा कागद सोबत सोलून येई, कधी गिलाव्याचा पापुद्राही. कंटाळून लोक वरूनच रंग मारत आणि मग प्रकाश तिरपा पडला की पट्ट्याच्या दोन्ही कडा रंगातून उठून दिसत. कसबी कारागीर बॉर्डर कागदावर चढवत नसत. बॉर्डर आणि खालचा कागद एकाच पात्याने एकदम कापून खालची पट्टी काढून टाकत, म्हणजे बॉर्डर थेट भिंतीवर बसे आणि कड उचलली जात नसे. कोपऱ्यातही ते पट्टा सलग वळवत नसत. अर्धा इंच पुढच्या भिंतीवर नेऊन तिथे कापायचा आणि नवा तुकडा पाणसळ, म्हणजे पातळी तपासायचं साधन, लावून सुरू करायचा, कारण भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. घरच्या घरी लावणाऱ्या हौशी हातांना हे कुणी शिकवलं नाही. गुंडाळीवरच्या सूचना ‘भिजवा आणि लावा’ एवढ्यावर संपत.

२००० नंतर साध्या रंगाच्या भिंतींनी बॉर्डरला बाहेर काढलं. अलीकडे ती पुन्हा दिसते आहे, बरीचशी मागचा कागद सोलून चिकटवायच्या आणि सहज निघणाऱ्या प्रकारात. या खेपेला तिच्यासाठी निवडलेल्या जागा मला बरोबर वाटतात: छताखालची कड, दाराची चौकट, उतरत्या छताची धार. एक अडचण मात्र कायम आहे. छत समपातळीत नसेल तर पट्टी पाणसळीने लावायची की छताच्या कडेने, हे ठरवावंच लागतं. छताच्या कडेने लावलेली पट्टी किंचित तिरकी असूनही डोळ्याला सरळ वाटते. पाणसळीने लावली तर एका टोकाला वाढत जाणारी फट लगेच नजरेत भरते.