पेटी उघडण्याआधीचे उपचार

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील बहुतेक कारखान्यांत प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर टांगलेली दिसते. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र अनेकदा शोधावे लागते. दर १५० कामगारांमागे अशी किमान एक पेटी असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले होते. तरीही अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक उपयोगी पडणारी दोन साधने पेटीत नसतातच: तळहात आणि पाण्याचा नळ.

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बोट तुटले, तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबावे आणि किमान दहा मिनिटे दाब सोडू नये. दाबामुळे रक्ताचा वेग मंदावतो, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे विणले जाऊन गुठळी तयार होते. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड उचलले, की हे कोवळे जाळे फाटते. कापड भिजलेच, तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद किंवा कॉफीची पूड भरू नये, कारण ती नंतर डॉक्टरांनाच खरवडून काढावी लागते. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागल्यास पेशी गोठून फुटतात आणि बोट जोडण्याची शक्यता मावळते.

भाजल्यावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. चटका संपला तरी उष्णता त्वचेच्या खालच्या थरांत काही काळ टिकून राहते आणि तेथील पेशी मारत राहते. टूथपेस्टच्या लेपाने ती बाहेर पडत नाही.

पाथर्डी फाट्याकडच्या बांधकामांवर स्लॅब टाकताना गमबुटात ओले सिमेंट शिरते, त्याकडे तर कोणी अपघात म्हणून पाहतही नाही. वास्तविक ते तीव्र अल्कधर्मी असते, त्वचेतील मेद आणि प्रथिने विरघळवत आत उतरते, आणि वेदना मात्र काही तासांनी जाणवू लागते. म्हणून बूट व मोजे लगेच काढून पाय भरपूर पाण्याने धुवावेत. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून वीस मिनिटे पाणी सोडावे आणि नंतर दवाखाना गाठावा.

विजेचा धक्का बसल्यास मात्र हात आवरायचा असतो. आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच त्या माणसाला स्पर्श करावा. तो हाक मारूनही ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने त्याच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो, त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.