चादरींच्या घड्या कोणी घालायच्या?

मुंबईतल्या घरांमध्ये अलीकडे एक वाद वारंवार ऐकू येतो. शनिवार-रविवारसाठी नागावला, कर्जतला किंवा लोणावळ्याला बंगला भाड्यानं घेतलेला असतो आणि रविवारी सकाळी अकराला तो सोडायचा असतो. नाश्ता उरकला की एखादी काकू ओढणी खोचून सिंकपाशी उभी राहते. पुतण्या म्हणतो, "काकू, साफसफाईचे पैसे वेगळे घेतलेत त्यांनी. राहू दे ना." काकू म्हणते, "अरे, खरकटं टाकून कसं निघायचं?" तेवढ्यात कोणीतरी फ्रिजवर चिकटवलेला कागद वाचून दाखवतं: चादरी काढून एकत्र ठेवा, भांडी घासा, केर काढा, कचरा गेटबाहेर न्या, नाहीतर अनामत रकमेतून कापले जातील. मग सगळेच गप्प होतात.

काकूच्या आणि पुतण्याच्या बोलण्यामागे दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत. दोन्ही आपल्याच, आणि दोन्ही बऱ्याच जुन्या.

आधी चादरीचं बघू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे साधा प्रवासी अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊनच निघायचा. 'बाडबिस्तरा' हा शब्द त्यातूनच आला. वळकटी नाहीतर होल्डॉल, त्यातच उशी, त्यातच तांब्या. उतरण्याच्या जागी मिळायचं ते छप्पर, विहिरीचं किंवा नळाचं पाणी आणि चूल मांडायला कोपरा. चादर आपलीच असल्यामुळे ती कोणी आवरायची हा प्रश्नच नव्हता. तो आला जागेबरोबर गादीही भाड्यानं मिळू लागल्यावर.

मुंबईत सी. पी. टँकच्या हिराबागेसारख्या धर्मशाळा याच रीतीवर चालल्या. धर्मशाळेतला मुक्काम सहसा तीन दिवसांचा. भांडी हवी असली तर अनामत ठेवून घ्यायची आणि घासून परत करायची. निघताना आपली जागा झाडून निघायचं. कारण साधं होतं. भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही, नोकर एखादा, आणि दुपारच्या गाडीनं दुसरं कुटुंब त्याच कोपऱ्यात येऊन उतरणार. साफसफाई ही त्या येणाऱ्या कुटुंबासाठी होती. दाता तर बहुधा तिथे नसायचाच, त्याचं नाव फक्त दारावरच्या संगमरवरी पाटीवर असायचं.

गिरणगावातल्या गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या, खोल्यांमध्ये हीच शिस्त वेगळ्या कारणानं होती. एका खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसं. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतायचा, तेव्हा दिवसपाळीच्या माणसाची वळकटी भिंतीला लागलेली असलीच पाहिजे, नाहीतर त्यानं पाठ टेकायची कुठे? कोकणातून, घाटावरून आलेली हजारो माणसं दुसऱ्याची जागा मोकळी करून द्यायला या खोल्यांत शिकली. माझ्या ओळखीच्या अनेक घरांतली 'उठलास की आधी अंथरूण काढ' ही दटावणी तिथूनच आलेली आहे, असं मला वाटतं.

कायद्यानं मात्र जबाबदारी उलट बाजूला टाकली होती. इंग्रज सरकारनं १८६७ साली केलेल्या सराई कायद्यात सराईच्या मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. खोल्या, ओसऱ्या, गटारं आणि पाणी ज्यातून येतं त्या विहिरी-टाक्या मॅजिस्ट्रेटचं समाधान होईल इतक्या स्वच्छ ठेवायच्या, आणि कोणाला संसर्गजन्य आजार झाला तर ताबडतोब कळवायचं. साथी पसरण्याची भीती त्यामागे होती. मुक्कामाच्या जागेची स्वच्छता ही ती चालवणाऱ्याची जबाबदारी, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच कागदावर आलेलं होतं.

पण मालक स्वतः काही गटार साफ करत नव्हता. इथे या विषयाचा सर्वांत कठीण भाग सुरू होतो. तो वगळून आवराआवरीची गोष्ट सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. सराई, डाक बंगला, हॉटेल, सगळीकडे झाडू आणि संडासाचं काम जातीनं ठरलेल्या माणसांकडे होतं. ज्यांच्या हातांनी ती जागा राहण्याजोगी व्हायची, त्यांना तिथे राहण्याची मुभा नव्हती. बडोद्याला १९१७ साली नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना उतरायला जागा मिळेना. दिवसाला दीड रुपया भरून ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नावानं राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली ठराव मांडून मंजूर करून घेतला, त्यात सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे आणि विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. महाडच्या सत्याग्रहामुळे तो ठराव पाण्याचा म्हणून आपल्या लक्षात राहिला, धर्मशाळा मागे पडल्या. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं धर्मशाळेत आणि मुसाफिरखान्यात ठेवलेली भांडी वापरण्यापासून कोणाला रोखणं हाही गुन्हा ठरवला. भांडी हा शब्द कायद्यात लिहावा लागला, यावरून काय ते समजावं.

'ते काम करायला माणसं आहेत' हे वाक्य आपल्या तोंडी इतक्या सहज येतं, त्याला हा इतिहास आहे. पुतण्याच्या मनात तसं काही नसतं हे मला ठाऊक आहे. वाक्य मात्र तेच आहे.

गाडगे महाराज महाराष्ट्राला म्हणूनच इतके महत्त्वाचे वाटतात. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांतलीच. गावात शिरले की आधी स्वतः खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानंच गाव झाडायला घ्यावं, ही उलटापालट लोकांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचं शेवटचं कीर्तन मुंबईतच, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात, ८ नोव्हेंबर १९५६ ला झालं, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला ते गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते.

दुसरी परंपरा बंगल्याची. महाबळेश्वर १८२०च्या दशकाच्या अखेरीस वसलं, माथेरान ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० मध्ये शोधलं. साहेब तिथे गेला तो खानसामा, भिस्ती, मेहतर असा लवाजमा घेऊनच. डाक बंगल्यात उतरणाऱ्यानं नोंदवहीत सही करायची आणि पैसे द्यायचे, एवढंच त्याचं काम. पुढे १९०३ साली अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलं, लॉजिंग-बोर्डिंगं वाढली, आणि 'पैसे दिले की आवरायचं नाही' ही रीत पांढरपेशा मुंबईकरानंही उचलली.

तरी माझ्या पिढीच्या मध्यमवर्गीय मुंबईकरांना सुट्टी म्हटलं की आठवतं ते हॉटेल नव्हे, सॅनिटोरियम. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि माणसं शहर सोडून पळाली. मोकळी हवा हे औषध आहे, ही समजूत पक्की झाली. खंडाळा, लोणावळा, देवळाली, माथेरान इथे निरनिराळ्या ज्ञातींच्या ट्रस्टांनी आरोग्यभुवनं चालवली. आजारी माणसांसाठी काढलेल्या या जागा हळूहळू मे महिन्याच्या सुट्टीच्या झाल्या. आम्ही लहानपणी खंडाळ्याला अशाच एका ठिकाणी जायचो. दोन खोल्यांचा ब्लॉक, लोखंडी खाटा, काथ्याच्या गाद्या, बाहेर बंब. मॅनेजर पहिल्या दिवशी यादी वाचायचे आणि आम्ही भावंडं वस्तू दाखवायचो: पातेली चार, झाकण्या तीन, तेलाचा कावळा एक, पोळपाट-लाटणं, बादल्या दोन. निघायच्या दिवशी तीच यादी पुन्हा. आदल्या रात्रीच आई आणि मावशी पातेली राखेनं घासून उन्हाची वाट बघत पालथी घालायच्या. एकदा एक झाकणी सापडेना. गाडीची वेळ होत आली तरी आई जागची हलली नाही. ती झाकणी शेजारच्या ब्लॉकमध्ये निघाली, तेव्हा कुठे टांगा बोलावला.

त्या आवराआवरीत भीती अनामतीची नव्हती, ती अनामत फारच थोडी होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता आणि मॅनेजरना नावं लक्षात राहायची. पाहुणा आणि जागा यांची ओळख होती, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या हॉलिडे होममध्येही असंच असायचं. खोली घाण ठेवली तर ते केअरटेकरकडून कमिटीपर्यंत आणि कमिटीकडून आपल्याच टेबलापर्यंत यायचं.

पाश्चात्त्य देशांत पाहुण्यानं कधीच आवरायचं नसतं, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. जर्मनीत रिखार्ड शिरमान या शिक्षकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यूथ हॉस्टेलची कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये १९३० साली तशी संघटना निघाली आणि एका रात्रीला एक शिलिंग पडायचा. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाला एखादं काम वाटून दिलेलं असायचं: जिना झाडणं, बटाटे सोलणं, भांडी पुसणं. स्वस्ताईची ती किंमत होती आणि कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती दोन्ही एकदम मागितल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली दोन तरुणांनी भाडं परवडेना म्हणून हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, त्यातून पुढे एअरबीएनबी निघाली. पाहुणा मालकाच्याच घरात राहायचा तोवर ते घरगुती होतं. मग गुंतवणूक म्हणून घेतलेली रिकामी घरं आली, सफाईचं वेगळं शुल्क आलं आणि त्याच्या जोडीला कामांची यादीही आली. पैसेही द्या आणि वॉशिंग मशीनही लावा, यावर लोक चिडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी जाहीर केलं की चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम करणं अशी कामं पाहुण्यांवर लादू नयेत. दिवे बंद करणं, उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं आणि दाराला कुलूप लावणं, एवढी अपेक्षा रास्त.

आपल्याकडे ही लाट कोकणातून वेगळी आली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या, निवास-न्याहारी योजनेत गावातल्या घरांनी दोन-चार खोल्या वाढवल्या. तिथे पाहुणा जेवायला मालकाच्याच पडवीत बसतो. ताट उचलायला गेलं तर घरातली वहिनी 'राहू दे हो' म्हणते, आणि उचललं नाही तर सासूबाईंच्या ते लक्षात राहतं. यादी चिकटवायची गरज तिथे पडत नाही. 'अतिथिदेवो भव' ही तैत्तिरीय उपनिषदातली शिकवण घर मांडायला निघालेल्या शिष्याला, म्हणजे यजमानाला केलेली आहे. अतिथीनं कसं वागावं याबद्दल त्या ओळीत काहीच नाही, तो भाग आपण एकमेकांकडे बघून शिकलो.

अलिबाग-कर्जतच्या बंगल्यात मात्र बघायला कोणीच नसतं. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, गाड्या थेट पलीकडे जाऊ लागल्या. टाळेबंदीनंतर हॉटेलची धास्ती घेतलेली कुटुंबं पूर्ण बंगले घेऊ लागली. मालक बहुधा मुंबईत असतो, किल्ली केअरटेकरकडे, सफाई गावातल्या एक-दोन बायकांकडे. अकराला एक कुटुंब निघतं, एक-दोन वाजता दुसरं येतं. मधल्या दोन-तीन तासांत चार खोल्या, चार न्हाणीघरं, स्वयंपाकघर आणि अंगण.

तिथे काम करणाऱ्या एका ताईंना मी मुद्दाम विचारलं, काय आवरलेलं बरं पडतं? चादरींचं त्यांना काहीच नव्हतं. उलट त्या म्हणाल्या, "घड्या घालून ठेवू नका. धुतलेली कुठली नि वापरलेली कुठली कळत नाय, परत सगळ्या उघडून बघाव्या लागतात." ओले टॉवेल गादीवर टाकू नयेत, कारण पावसाळ्यात गादी वाळत नाही. सर्वांत जास्त वेळ खातं ते रात्रभर वाळलेलं खरकटं, कढईत थिजलेलं तेल आणि पनीर-चटणीत मिसळलेले कागदी ग्लास. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून देशभर आहे, पण तो पाहुण्यांनी पाळला नाही तर शेवटी कचरा या ताईंनाच हातानं निवडावा लागतो.

म्हणून मला वाटतं, आमची काकू सिंकपाशी उभी राहते ते बरोबर आहे आणि फ्रिजवरची यादी चुकीची आहे. ताट-वाट्या विसळून ठेवणं, उरलेलं अन्न निपटणं, कचरा वेगळा करणं हे आपल्याच उष्ट्याचं काम आहे, त्याला कोणी दुसरं माणूस नेमता येत नाही. फरशी, न्हाणीघर, चादरी हे घर चालवणाऱ्याचं काम, आणि शुल्क घेतलं असेल तर ते त्या ताईंपर्यंत पोचलं पाहिजे. घासलेल्या कढईमुळे पाहुण्याचे पैसे वाचतात की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. बुकिंग करताना मी आता मालकाला सरळ विचारते की सफाईला कोण येतं आणि त्यांना एका पाळीचे किती देता. काही जण सांगतात. काही जण विषय बदलतात, तिथे आम्ही जात नाही.

त्या ताईंनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या वाडीत कचऱ्याची गाडी रविवारी येत नाही. त्यामुळे सुका कचरा आम्ही पिशवीत बांधून डिकीत घालतो आणि मांडव्याहून बोटीनं दादरला आणतो.