प्रत्येक प्रोसेसरचा हातचा वेगळा

शाळेत बेरीज शिकताना आपण सगळे एकच घोकायचो, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तो हातचा कुणी बोटावर धरायचं, कुणी दशकाच्या डोक्यावर बारीक लिहून ठेवायचं. प्रोसेसरलाही हेच करावं लागतं, आणि तो हातचा नक्की कुठे ठेवतो हे घरी बसून, फुकटात, स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मला हे कळलं तेव्हापासून भेटेल त्याला करून बघ म्हणून सांगतोय.

लागतो फक्त एक कंपायलर. मी जीसीसी वापरतो, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणला आणि आजही लिनक्सवर सगळीकडे असतो. आपण सी भाषेमध्ये प्रोग्राम लिहितो, कंपायलर त्याची चालणारी फाइल बनवून देतो, पण मध्ये एक पायरी असते असेम्ब्लीची, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या सूचना एकेका ओळीत. एरवी ती आपल्याला दिसतच नाही. कमांड लाइनवर जीसीसी लिहून पुढे डॅश आणि कॅपिटल एस दिला की कंपायलर त्या पायरीवर थांबतो आणि असेम्ब्ली साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून देतो. एस कॅपिटलच हवा, छोट्या एसचा अर्थ वेगळा आहे. सोबत डॅश, कॅपिटल ओ आणि २ पण द्या, नाहीतर कंपायलर प्रत्येक आकडा आधी मेमरीत ठेवतो मग परत उचलतो आणि त्या पसाऱ्यात मुख्य गोष्ट हरवते. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील त्या सोडून द्या, त्या पुढच्या टूलसाठीच्या सूचना आहेत, प्रोसेसरसाठीच्या नाहीत.

आता प्रोग्राम. एकच फंक्शन लिहा, दोन लाँग लाँग आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज परत द्यायची. मेन नको, इन्क्लूड नको. लाँग लाँग म्हणजे इथे ६४ बिटचा आकडा, बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर. नेहमीच्या ६४ बिटच्या इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपवर याचं उत्तर अगदीच छोटं येतं, बेरजेची एक ओळ आणि परत जायची एक ओळ. गंमत म्हणजे बेरजेच्या ओळीत बहुतेक वेळा ॲड दिसतच नाही, एलईए दिसतं, ही खरं तर मेमरीचा पत्ता काढायची सूचना, पण पत्ता काढताना बेरीज होतेच आणि उत्तर तिसऱ्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या छोट्या जागेत, ठेवता येतं, म्हणून कंपायलर ती वापरून घेतो. हातचा इथे दिसत नाही, कारण अख्खा आकडा एका रजिस्टरमध्ये मावतो.

मग त्याच कमांडमध्ये डॅश, छोटा एम आणि ३२ घाला. आता कंपायलर ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरसाठी लिहायला लागतो, रजिस्टरची रुंदी निम्मी झाली, ६४ बिटचा आकडा दोन तुकड्यांत आला, जसं ४७ म्हणजे चार दशक सात एकक. खालच्या तुकड्यांची बेरीज ॲडने होते, वरच्या तुकड्यांची एडीसीने. एडीसी म्हणजे ॲड विथ कॅरी, हातच्यासकट बेरीज! ॲडने उरलेला हातचा प्रोसेसरमधल्या एका बिटमध्ये ठेवला, त्याला कॅरी फ्लॅग म्हणतात, आणि एडीसीने तो तिथून उचलला. कॉलेजात ज्यांनी ८०८५ या जुन्या ८ बिटच्या चिपच्या किटवर १६ बिटची बेरीज केली असेल त्यांना हे लगेच आठवेल, त्या चिपवरही एडीसी होतंच.

घरात आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड (आर४ च्या आधीचा) असेल तर अजून मजा आहे. त्यावरची एटीमेगा ३२८पी ही ८ बिटची चिप, आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरबरोबर एव्हीआर-जीसीसी हा तिचा वेगळा कंपायलर आपोआप येतो, जीसीसीमध्ये प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी असा वेगळा कंपायलर बनवावा लागतो. इथे लाँग लाँग नको, नुसतं लाँग घ्या, ते ३२ बिटचं असतं. तरीही चार तुकडे होतात, म्हणजे एक ॲड आणि त्याच्यामागे तीन एडीसी, हातचा एकेक घर डावीकडे सरकत जातो, अगदी वहीत चार आकडी बेरीज मांडल्यासारखा.

क्लँग नावाचा दुसरा कंपायलर आहे, तो एलएलव्हीएम या प्रकल्पातला, ज्याची सुरुवात २००० मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाली. त्याचं सोयीचं म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये बरेच प्रोसेसर भरलेले असतात, कमांडमध्ये टार्गेट म्हणून नाव बदललं की झालं. ३२ बिटच्या आर्म या प्रोसेसरचं नाव दिलं तर बेरजेची तीच जोडी मिळते, नाव थोडं बदलून ॲड्स आणि एडीसी. पण रिस्क-व्ही या आणखी एका जातीच्या प्रोसेसरचं, ३२ बिटवाल्याचं, नाव द्या आणि नीट बघा.

एडीसी गायब! कॅरी फ्लॅगच नाही या प्रोसेसरला. मग हातचा? तर तिथे एसएलटीयू नावाची सूचना दिसते, ती दोन आकड्यांची तुलना करते, पहिला लहान असेल तर १ देते, नाहीतर ०. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो, तुम्हीही बसा. ७ आणि ८ ची बेरीज केली पण एकच घर आहे, म्हणून ५ उरले. ५ हे ७ पेक्षा लहान. बेरीज करून आकडा लहान झाला म्हणजे दहा कुठेतरी गळाले, म्हणजे हातचा आलाच. ३ आणि ४ केले तर ७, ३ पेक्षा लहान नाही, हातचा नाही. कुठलेही दोन अंक घ्या, हे चुकत नाही, कारण जास्तीत जास्त ९ मिळवतोय आणि हातचा गेला की १० वजा होतात. प्रोसेसर हातचा जपून ठेवत नाही, उत्तराकडे बघून ओळखतो.

अमेरिकेत बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये रिस्क-व्हीची आखणी सुरू झाली. फ्लॅग न ठेवण्यामागचा विचार असा की मोठे प्रोसेसर बऱ्याच सूचना एकाच वेळी, मागेपुढे करून चालवतात, आणि सगळ्या बेरजा एकाच फ्लॅगला हात लावत असतील तर कुठला हातचा कुणाचा याचा हिशेब ठेवायला जास्तीचं हार्डवेअर लागतं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. आरएसए सारख्या एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे माहिती गुप्त करायच्या पद्धतीत, २०४८ बिटचे आकडे असतात, ६४ बिटच्या मशीनवर ते ३२ तुकडे झाले, आणि मधल्या प्रत्येक तुकड्यात हातचा घ्यायचाही असतो आणि द्यायचाही, तिथे एडीसीच्या एका ओळीचं काम रिस्क-व्हीवर चारपाच ओळींत होतं. मोठ्या आकड्यांच्या लायब्ऱ्या लिहिणाऱ्यांनी यावर कडक टीका केली आहे आणि ती रास्त वाटते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर रिस्क-व्हीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

एक प्रयोग उरला. ६४ बिटच्या लॅपटॉपवर हातचा दिसला नव्हता ना, तिथे लाँग लाँगच्या जागी १२८ बिटचा आकडा घ्या, इंटच्या आधी दोन अंडरस्कोर आणि नंतर १२८, आणि पहिली कमांड, म्हणजे डॅश एम ३२ शिवायची, परत द्या. फाइल उघडलीत की ॲडच्या खाली एडीसी परत आलेलं दिसेल.