वेदी कोणती आणि रेटॅबल कोणता?

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत शिरणाऱ्या पर्यटकाची नजर समोरच्या सोनेरी, थेट छतापर्यंत चढत गेलेल्या कोरीव लाकडी भिंतीवर खिळते आणि हीच वेदी, असे समजून तो मोकळा होतो. वास्तविक ती भिंत म्हणजे रेटॅबल. वेदी म्हणजे तिच्यापुढचे, त्या मानाने अगदीच साधे मेज.

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेत, भाकर आणि द्राक्षारसाचे अर्पण या मेजावर होते. म्हणूनच धर्मगुरू आरंभी त्याचे चुंबन घेतात, वेदीचे समर्पण करताना बिशप तिच्या पृष्ठभागाला पवित्र तेलाचा अभ्यंग करतात आणि तिच्याखाली संतांचे अवशेष ठेवण्याची जुनी प्रथाही टिकून आहे. परंपरेने वेदीचा वरचा भाग दगडी असतो आणि त्यावर ख्रिस्ताच्या पाच जखमांचे स्मरण म्हणून पाच क्रूस कोरलेले आढळतात. मात्र पांढऱ्या वस्त्राखाली ते झाकलेले राहतात. पवित्र आठवड्यातील गुरुवारी, सायंकाळच्या मिस्सानंतर, ते वस्त्र काढून वेदी उघडी केली जाते.

रेटॅबलवर असा कोणताही विधी अवलंबून नाही. तो नसला तरी मिस्सा होते. वेदीवाचून मात्र सहसा होत नाही. रेटॅबलचे काम दाखवण्याचे आणि सांगण्याचे, आणि ते तो फार ऐटीत करतो. बॉम जेझुसच्या रेटॅबलमध्ये बाळ येशूची मूर्ती लहानशी आहे आणि तिच्या वरच्या बाजूला जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक, लोयोलाच्या संत इग्नेशियसची मूर्ती भली मोठी आहे; हे चर्च जेझुइटांनी बांधले, हे सांगायला वेगळी पाटी लागत नाही. त्याहून वर येशूच्या नावाची अक्षरे आणि शिखराशी पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) आहे. जवळच्या से कॅथेड्रलमध्ये संत कॅथरीनच्या आयुष्यातील प्रसंग कोरले आहेत, कारण 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. ही सारी झळाळी भरीव सोन्याची नसते. कोरीव लाकडावर खडू आणि सरसाचा लेप देऊन त्यावर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख चढवलेला असतो.

दोहोंची गल्लत होते, यात केवळ पाहणाऱ्याचा दोष नाही. पूर्वी वेदी रेटॅबलला चिकटूनच असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करीत, त्यामुळे दोन्ही मिळून एकच वस्तू भासे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (1962 ते 1965) मिस्सा लोकभाषांत आली, वसईत ती मराठीतून होऊ लागली, आणि धर्मगुरूंना लोकांकडे तोंड करून उभे राहता यावे म्हणून वेदी भिंतीपासून सुटी करून पुढे आणली गेली. जुन्या चर्चमध्ये मात्र रेटॅबलला चिकटलेली आधीची वेदी बहुधा तशीच ठेवली गेली, आणि त्यामुळे एकाच गाभाऱ्यात दोन मेजे दिसू लागली. पवित्र भाकर ठेवण्याची लहानशी पेटी अनेकदा मागच्या, जुन्या वेदीवरच असते आणि तिच्याजवळ दिवा सतत तेवत असल्यामुळे नवख्याला तीच मुख्य वाटते. प्रत्यक्षात हल्लीची मिस्सा पुढच्या मेजावर होते, आणि धर्मगुरू प्रवेश करताच कोणत्या मेजाचे चुंबन घेतात, एवढे पाहिले तरी शंका उरत नाही.