समाजमाध्यमांवरील ब्रँड अँबॅसिडर

समाजमाध्यमांवर ज्याचा स्वतःचा प्रेक्षकवर्ग आहे अशा व्यक्तीने ठरलेल्या मुदतीसाठी एखाद्या कंपनीची वस्तू किंवा सेवा आपल्या खात्यावरून सातत्याने लोकांपुढे मांडायची आणि त्याबदल्यात मानधन, वस्तू किंवा विक्रीवर कमिशन घ्यायचे, असा हा ब्रँड अँबॅसिडरचा व्यवहार आहे. वर्तमानपत्रे कधीकधी अशा व्यक्तीला ‘सदिच्छादूत’ असे लिहितात. पण त्या शब्दात पैशाचा मागमूस नाही, म्हणून तो इथे दिशाभूल करणारा ठरतो. पैसे घेऊन केलेल्या एखाद्या सुट्या रीलला ‘कोलॅब’ म्हणतात. अँबॅसिडरचे नाते सहसा काही महिने ते वर्षभर टिकते आणि त्या काळात त्याचा चेहरा कंपनीशी जोडला जातो.

प्रसिद्ध चेहरा जाहिरातीत वापरण्याची प्रथा जुनीच. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. तो चेहरा पडद्यावरचा, दूरचा होता. आजचा अँबॅसिडर आपल्याच ओट्यापाशी उभा राहून बोलतो. “ताई, हा कुकर कितीला पडला? शिट्टी नीट होते का?” असे लोक त्याला थेट विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. कंपनी पैसे मोजते ते या जवळिकीसाठी. म्हणूनच पाच-दहा हजार फॉलोअर असलेल्या, पण आपल्या तालुक्याच्या बोलीत बोलणाऱ्या माणसालाही काम मिळते.

कामाची सुरुवात ‘ब्रीफ’ने होते. काय बोलायचे, काय टाळायचे, किती रील, किती स्टोरी आणि कोणत्या तारखांना, हे त्यात असते. मग स्क्रिप्टला मंजुरी, कच्चा कट, दुरुस्त्या, पोस्ट, ‘इनसाइट्स’चे, म्हणजे किती जणांनी पाहिले वगैरे आकड्यांचे, स्क्रीनशॉट आणि शेवटी बिल. रील तीस सेकंदांची असली तरी तिच्यामागे आठवडा सहज जातो.

नवखी मंडळी आकड्याकडे बघून करारावर सही करतात, पण करारातली दोन कलमे आकड्याइतकीच महत्त्वाची असतात. पहिले ‘एक्सक्लुझिव्हिटी’चे, म्हणजे करार असेपर्यंत त्याच प्रकारातल्या दुसऱ्या कंपनीचे काम न घेण्याचे. समजा, पाककृती दाखवणाऱ्या एखाद्या गृहिणीने मसाल्याच्या कंपनीशी वर्षाचा करार केला आणि त्यात ‘मसाले’ऐवजी ‘खाद्यपदार्थ’ असा शब्द पडला. दिवाळी आली, तूपवाले, तेलवाले, भाजणीवाले विचारायला आले, आणि तिला सगळ्यांना नाही म्हणावे लागले. एका शब्दाने वर्षाचा सर्वांत कमाईचा महिना हातचा जातो. दुसरे कलम वापरहक्काचे. ती रील कंपनी पैसे भरून जाहिरात म्हणून चालवू शकते का, फोटो होर्डिंगवर लावू शकते का, आणि कुठवर? मुदत लिहिली नसेल, तर नाते संपल्यावरही चेहरा विकला जात राहू शकतो. हे दोन्ही मुद्दे मानधनाच्या आधी बोलावेत.

मोबदला दर पोस्टमागे, दरमहा किंवा सवलतीच्या कोडवरून झालेल्या विक्रीवर ठरतो. वस्तूच्या बदल्यात काम केले तर त्याला ‘बार्टर’ म्हणतात. बार्टरवर कर नाही, हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४आर लागू झाले: व्यवसायातून मिळालेल्या वर्षाला २०,००० रुपयांवरच्या लाभावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापून भरायचा कर. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्यावेळी खुलासाही केला होता. व्हिडिओसाठी आलेला मोबाइल परत केला तर तो लाभ नाही, ठेवून घेतला तर लाभ.

सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे, ही जाहिरात आहे, हे सांगणे. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ‘ॲस्की’चे, इन्फ्लुएन्सरविषयक नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसायला हवे; २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. लेबल इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालते. मग मराठीत बोलणाऱ्याने सरळ ‘जाहिरात’ असे लिहावे. आजीलाही ते कळते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार हे लेबल हॅशटॅगच्या गर्दीत लपवता येत नाही, आणि व्हिडिओत ते दिसायलाही हवे, ऐकूही यायला हवे. कमी जागेच्या माध्यमावर ब्रँडच्या नावाला ‘अँबॅसिडर’ जोडून लिहिले तरी चालते.

ॲस्की ही उद्योगाने स्वतःसाठी उभारलेली संस्था आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र दंड करू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकते; शिवाय पहिल्या वेळी वर्षभरापर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाईही. आधी योग्य ती खातरजमा केली होती, हे दाखवता आले तर सुटका आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की शिफारस प्रामाणिक मताची आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी.

या अटीचे मोल शेतीच्या व्हिडिओंत कळते. नाशिकच्या द्राक्षबागेत उभा राहून एखादा शेतकरी फवारणीच्या औषधाबद्दल “मी स्वतः मारलंय, रिझल्ट आहे” असे म्हणतो, तेव्हा बघणारा बागाईतदार त्या शब्दावर फवारणी करतो. तो शब्द खोटा निघाला, तर त्याचा अख्खा हंगाम जातो. आरोग्य आणि पैशाच्या सल्ल्यांतही धोका तेवढाच; म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये ॲस्कीने त्या दोन क्षेत्रांत सल्ला देणाऱ्यांसाठी आवश्यक पात्रता सांगणे बंधनकारक केले.

अँबॅसिडर होण्याच्या इच्छेवर फसवणुकीचा धंदाही चालतो. फोटोखाली “कोलॅबसाठी मेसेज करा” अशी कमेंट येते, मेसेज केल्यावर ‘निवड’ झाल्याचे कळते, आणि मग आधी वस्तू विकत घ्यायला किंवा कुरिअरचे पैसे भरायला सांगतात. खरी कंपनी अँबॅसिडरला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता जास्त.