वॉटर ट्रेखाली पाणी साचत असेल तर : छोट्या ऑफसेट मशीनधारकांसाठी माहितीपत्रक

आपल्या छोट्या ऑफसेट छपाई मशीनच्या वॉटर ट्रेखाली, म्हणजे छपाईच्या प्लेटला ओल देणारे पाणी ठेवण्याच्या ट्रेखाली, पाणी दिसू लागले की पहिला संशय साहजिकच ट्रेवर घेतला जातो. ट्रे बदलूनही गळती तशीच राहिली म्हणून आमच्याकडे आलेले ग्राहक आम्हाला अनेकदा भेटतात. ट्रे विकणे हा आमच्या व्यवसायाचा भाग आहे, तरीही गरज नसलेला ट्रे कोणी आमच्याकडून न्यावा असे आम्हाला वाटत नाही. पाणी ट्रेच्या तळाशी टपकत असले तरी ते तेथूनच निघते असे नसते. काठावरून ओघळलेले पाणी तळाखालून सरकत सर्वांत खालच्या कोपऱ्यात जमते आणि तेथून थेंब सुटतो. त्यामुळे थेंब कोठे पडतो यापेक्षा तो कोठून निघाला हे आधी शोधावे, यासाठी हे पत्रक आहे.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी केवळ मशीनचे बटण बंद करून थांबू नये, भिंतीवरील मेन स्विचही बंद करावा. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये मोटर आणि वायरिंग खालच्या बाजूस असते आणि गळणारे पाणी तेथपर्यंत पोहोचू शकते. हे पाणी साधेही नसते. फाउंटन सोल्यूशन, म्हणजे या पाण्यात घालायचे रसायन, मिसळल्यानंतर त्याचा पीएच साधारण ४.८ ते ५.५ च्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी असतो आणि त्यात गोंदही असतो, त्यामुळे ते गिअरवर व बेअरिंगवर पडत राहिल्यास लोखंड गंजते आणि वाळलेल्या जागी चिकट थर बसतो. खाली डबा ठेवून लग्नसराईची कामे उरकून घ्यावीत असे वाटणे आम्ही समजू शकतो. पण ट्रे बदलण्यापेक्षा बेअरिंग बदलणे कितीतरी खर्चिक असते.

खाली पडलेला थेंब पाण्याचाच आहे ना, हेही एकदा पाहावे. तो कोऱ्या कागदावर टिपून घ्यावा. पाणी असेल तर काही वेळात वाळून जाते, तेल असेल तर कागदावर पारदर्शक डाग तसाच राहतो. तेलाची गळती हा निराळा विषय आहे आणि तिच्यासाठी ट्रेला हात लावण्याचे कारण नाही.

बाटली

गळतीचे कारण आम्हाला सर्वांत अधिक वेळा बाटलीत सापडले आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहोत. ट्रेवर उलटी बसवलेली बाटली एका साध्या तत्त्वावर चालते. तिचे तोंड ट्रेतील पाण्यात बुडालेले असेपर्यंत बाहेरची हवा आत शिरू शकत नाही, आणि हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. रोलरने पाणी ओढून घेतले, पातळी तोंडाच्या खाली गेली, की एक बुडबुडा आत जातो, तेवढेच पाणी खाली उतरते आणि तोंड पुन्हा झाकले जाते. म्हणजे ट्रेमधील पाण्याची पातळी बाटलीच्या तोंडाची उंची ठरवते. स्टँडचा स्क्रू ढिला होऊन किंवा दुसऱ्या मशीनचे झाकण बसवल्यामुळे तोंड थोडेसे जरी वर गेले, तरी पातळीही तेवढीच वर चढते आणि पाणी काठावरून जाऊ लागते.

याच कारणाने बाटलीला गेलेला केसाएवढा तडाही पुरेसा ठरतो. तडा बाटलीच्या वरच्या भागात असेल तर हवा तेथून आत शिरत राहते आणि सगळी बाटली ट्रेमध्ये रिकामी होते. मात्र तड्यातून पाण्याचा एक थेंबही बाहेर दिसत नाही, म्हणून बाटलीवर कोणाचा संशय जात नाही. झाकणाचे आटे झिजले असतील किंवा त्यातील वायसर कडक झाला असेल, तर हवा आट्यांतून जाते आणि पाणी त्या आट्यांच्या उंचीपर्यंत चढत राहते. परीक्षा सोपी आहे. बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावावे, झाकणाचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी अडवणारी झडप, मिटलेला आहे हे पाहावे, बाटली बादलीतील पाण्यात बुडवावी आणि पंक्चर काढणारा ट्यूब तपासतो त्याप्रमाणे हळूहळू दाबून पाहावी. जेथून बुडबुडे येतील तेथे दोष आहे. तडा गेलेली बाटली चिकटवण्याचा प्रयत्न करू नये, ती बदलावी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यात आणखी एक गोष्ट घडते. पत्र्याच्या छपराखालील छापखान्यात सकाळी २७ अंश असलेले तापमान दुपारी ४२ अंशांवर गेले, तर बाटलीतील हवा तापून प्रसरण पावते आणि पाण्याला खाली ढकलते. दोन लिटरची बाटली अर्धी रिकामी असेल, तर आतील एक लिटर हवा १५ अंशांच्या वाढीने सुमारे ५० मिलिलिटरने फुगते, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे जास्तीचे पाणी ट्रेमध्ये येते. मशीन चालू असताना रोलर हे पाणी ओढून घेतो, पण जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असेल तर ते काठावरून ओघळते. दुपारी दोन वाजता गळणारे आणि संध्याकाळी न गळणारे मशीन आपल्याकडे असेल, तर त्यात मोडलेले काहीही नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाटली अर्ध्यावर येऊ न देता भरत राहावी आणि सुट्टीच्या वेळी ती स्टँडवरून काढून सरळ उभी ठेवावी, एवढे पुरते.

मोल्टन कपडा आणि रात्रीची गळती

मशीन दिवसभर व्यवस्थित चालते आणि सकाळी मात्र खाली पाणी सापडते, अशी तक्रार असेल तर मोल्टन कपडा, म्हणजे पाणी शोषणारे जाड सुती आवरण, चढवलेल्या रोलरकडे पाहावे. समईची वात जसे तेल वर ओढते तसाच हा कपडा पाणी ओढतो. कपड्याचे टोक किंवा बांधलेली दोरी ट्रेच्या काठाला टेकून बाहेर लोंबत असेल, तर रात्रभर थेंब थेंब पाणी त्या मार्गाने बाहेर येते आणि ट्रे निम्मा रिकामा होतो. टोके रोलरच्या आत नीट दुमडून शिवावीत व दोऱ्या कापून टाकाव्यात. काम संपल्यावर बाटली काढणे, ट्रे रिकामा करणे आणि रोलर एकमेकांपासून सोडवून ठेवणे या तीन गोष्टींची सवय ऑपरेटरला लावल्यास रात्रीची गळती तर थांबतेच, शिवाय रोलरवर दाबाचे सपाट पट्टेही पडत नाहीत.

ट्रे, कॉक आणि नळी

बाटली व कपडा निर्दोष आढळल्यावरच ट्रेकडे वळावे. ट्रे मशीनमधून काढून, धुऊन, पूर्ण कोरडा करावा, टेबलावर वर्तमानपत्राच्या रद्दीवर ठेवावा आणि नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरून रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी कागद कोरडा असेल तर ट्रेमध्ये छिद्र नाही. कागद ओला असेल तर ट्रेच्या बाहेरून शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी; पाण्याची वाट तिच्यावर लगेच उमटते. जुन्या ट्रेमध्ये डाख दिलेले सांधे आणि कोपरे प्रथम जातात, कारण आम्लधर्मी पाणी तेथेच धातू खात असते.

टेबलावर न गळणारा ट्रे मशीनमध्ये गळत असेल, तर मशीन पाणसळीत आहे का ते पाहावे. गवंड्याकडील साधी पाणसळ ट्रेच्या काठावर लांबीच्या दिशेने ठेवली तरी समजते. जुन्या वाड्यांतील शहाबादी फरशीवर उभी असलेली मशीने हादऱ्यांनी एका बाजूस बसतात, आणि मग पाणी फक्त त्याच बाजूने सांडते.

पाणी सोडण्याच्या कॉकखालचा वायसर सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवलेला आम्हाला अनेक मशीनमध्ये आढळतो. रोलर धुण्यासाठी वापरलेल्या रॉकेलचे किंवा पेट्रोलचे थेंब त्यावर पडले की ते रबर फुगते, मऊ होते आणि सांधा सैल पडतो. तेथे नायट्राइल रबराचाच वायसर हवा. तो महागही नसतो. पारदर्शक पीव्हीसी नळी उष्णतेने कालांतराने कडक होते आणि क्लिपच्या आत चिरते, म्हणून ती वाकवून पाहावी. वळणापाशी पांढरी पडत असेल तर बदलावी.

ज्या मशीनमध्ये पंपाने पाणी फिरते, तेथे गळतीचे मुख्य कारण परतीची नळी तुंबणे हे असते. कागदाची धूळ, गोंद आणि शेवाळ मिळून नळीत बुळबुळीत गोळा तयार होतो आणि पाणी टाकीत परतण्याऐवजी ट्रेवरून वाहते. परतीच्या नळीला सर्वत्र उतार असावा व ती कोठेही पिळलेली नसावी.

पाण्याचा क्षार

आपल्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधल्या काळात बोअरचे पाणी वापरावे लागते, हे आम्हाला माहीत आहे. परंतु बोअरच्या कठीण पाण्यातील क्षार बाटलीच्या झाकणातील व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो, आणि मिठाच्या खड्याएवढा कणही व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही. फाउंटनच्या पाण्याची कठीणता सुमारे १४० ते २१० पीपीएम असावी. बोअरचे पाणी त्याहून कठीण असल्यास त्यात आरओचे पाणी मिसळून ते या मर्यादेत आणता येते. केवळ आरओचे पाणीही वापरू नये, कारण अगदी क्षारविरहित पाणी कागदातील कॅल्शियम ओढून घेते.

साचलेला क्षार काढण्यासाठी किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, पुरेसे आहे. व्हॉल्व्ह व झाकण त्यात अर्धा तास ठेवून स्वच्छ धुवावे. ॲल्युमिनियमचा ट्रे मात्र त्यात भिजत ठेवू नये. संडास साफ करण्याचे ॲसिड कोणत्याही भागावर वापरू नये. स्टेनलेस स्टीललाही त्याने बारीक खड्डे पडतात, आणि त्यातूनच पुढे छिद्रे होतात.

तात्पुरती दुरुस्ती

काम अडले असेल तर ट्रेच्या छिद्राला बाहेरून इपॉक्सीची लुगदी लावून काही दिवस काढता येतात. त्यासाठी जागा आधी पॉलिश पेपरने घासून पूर्ण कोरडी करावी. सिलिकॉन सीलंट लावू नये, कारण त्याचा अंश रोलरवर किंवा प्लेटवर गेल्यास तेथे पाणी व शाई नीट बसत नाही. आपल्या पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल, तर ट्रे व्यवस्थित धुऊन वाळवल्याशिवाय त्याला डाख देऊ नये. अल्कोहोलची वाफ पेट घेते.

आमच्याकडे येताना केवळ ट्रे न आणता बाटली, झाकण, कॉक आणि नळी हे सर्व भाग सोबत आणावेत, तसेच गळती कोणत्या वेळी व मशीनच्या कोणत्या बाजूस दिसते हे कागदावर लिहून आणावे. बाटलीची हवा आम्ही आपल्यासमोर तपासून देतो आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही.